दुकान तालुक्याला, उपचार जिल्ह्याला

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेतील निर्बंधांमुळे दारूची दुकाने बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातील वणी शहरात सॅनिटायझर पिऊन सात जणांचा मृत्यू झाला. दारू मिळत नाही म्हणून त्यांनी ते प्यायले होते. बातमी राज्यभर गेली, हळहळ व्यक्त झाली आणि लाटेच्या धामधुमीत ती विरूनही गेली. पुढच्याच महिन्यात, २७ मे रोजी, राज्य मंत्रिमंडळाने वर्धा नदीच्या पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदी उठवली. ही बंदी १ एप्रिल २०१५ पासून लागू होती. नदीच्या दोन काठांवर महिन्याभराच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांचा कुणी एकत्र विचार केल्याचे माझ्या वाचनात आले नाही. चंद्रपूरबद्दल बंदी यशस्वी झाली की फसली यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले आणि वणीबद्दल दुकाने बंद ठेवणे शहाणपणाचे होते का, एवढेच विचारले गेले. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: दुकानाचे शटर वर असावे की खाली?

माझे म्हणणे असे आहे की तालुक्याच्या गावातला व्यसनाचा सगळा वाद या शटरपाशी अडकून पडला आहे. त्यामुळे ज्याचे शरीर दारूवाचून चालेनासे झाले आहे, त्याला त्याच गावात, सरकारी दवाखान्यात, जवळपास फुकट आणि अपमान न होता उपचार मिळायला हवेत, ही मागणी मागे राहते. दारू विकण्याचा परवाना तालुक्यापर्यंतच काय, मोठ्या खेड्यापर्यंत पोहोचतो. दारू सोडवण्याचे औषध मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी थांबते. ही विषमता दारूबंदी असली तरी असते आणि नसली तरी असते.

वणी हे काही जगावेगळे शहर नाही, आणि म्हणूनच ते उदाहरण म्हणून घ्यावे असे वाटते. भोवती कोळशाच्या खाणी, राजूरच्या चुनाभट्ट्या, कापसाचे जिनिंग, कोळशाच्या ट्रकांची रात्रंदिवस ये-जा, आणि या सगळ्यावर पोट असलेले, बाहेरून आलेले आणि इथलेच शेत सुटलेले हजारो मजूर. कोळशाच्या धुळीत किंवा चुन्याच्या भट्टीसमोर पाळी काढून आलेल्या माणसाच्या हातात हप्त्याचा चुकारा रोख पडतो, अंग ठणकत असते, आणि देशीची भट्टी घराच्या वाटेवर असते. ‘पव्वा मारला की झोप लागते’ हे वाक्य अशा वस्तीत कुणालाही विचित्र वाटत नाही, कारण सुरुवातीला ते खरेच असते. पव्व्याचे दोन पव्वे आणि रात्रीची सकाळ होते ती वर्षा-दोन वर्षांत नव्हे, तर दहा-बारा वर्षांत, इतक्या हळूहळू की नेमके केव्हा झाले हे बायकोलाही सांगता येत नाही. सकाळी उठल्यावर हात थरथरू लागले आणि घोट घेतल्यावरच ते थांबू लागले, म्हणजे तो माणूस आता हौसेने पीत नाही. सॅनिटायझरच्या बाटलीपर्यंत माणूस पोहोचतो तो बहुतेकदा या टप्प्यावरून.

या टप्प्यावर दारू एकाएकी तुटली तर शरीरात काय होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. पहिल्या काही तासांतच घाम, थरथर, उलट्या आणि निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काहींना भ्रम होतो, भिंतीवर साप दिसतात, अंगावर किडे चढल्यासारखे वाटतात, घरातली माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावू लागते. या अवस्थेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. घरचे लोक मात्र ‘बाहेरचे लागले’ म्हणून त्याला अंगाऱ्या-धुपाऱ्याला नेतात किंवा पुन्हा दारू पाजून शांत करतात. (दुसरा उपाय निदान कामाचा तरी असतो, हे कटू असले तरी खरे आहे.) दवाखान्यात नेलेच तर अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावली जाते. वर्षानुवर्षे पिणाऱ्या माणसाच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, अगोदरच संपत आलेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणजे ‘दारू आजपासून बंद’ हा घरादाराने दिलेला, किर्तनात ऐकलेला, भाषणात टाळ्या मिळवणारा सल्ला शरीर पूर्ण ताब्यात गेलेल्या माणसाच्या बाबतीत धोक्याचा ठरू शकतो.

यावरचा इलाज महागडा नाही आणि त्यासाठी मुंबई-पुण्यालाही जावे लागत नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखे औषध आठवडाभर कमी-कमी करत द्यायचे, थायमिन टोचायचे, पाणी आणि क्षार सांभाळायचे, आकडीवर लक्ष ठेवायचे. प्रशिक्षण मिळालेला एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी आणि रात्रपाळीची सावध परिचारिका यांना तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात बहुतेक रुग्णांबाबत हे करता येते. फारच गुंतागुंतीचा रुग्ण तेवढा पुढे पाठवावा लागतो. पण प्रत्यक्षात उलटे घडते. वणीच्या माणसाला शंभर किलोमीटरहून दूर यवतमाळला किंवा नदी ओलांडून चंद्रपूरला जायला सांगितले जाते. सरकारी मनोरुग्णालयाचेच नाव कुणी काढले, तर अख्ख्या विदर्भासाठी ते नागपूरला एकच आहे. उरलेली जुनी तीन येरवडा, ठाणे आणि रत्नागिरीला. रोजंदारी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन, थरथरत्या अंगाने एसटीतून एवढा प्रवास करणे ज्याला जमते, त्याचे व्यसन अजून फार पुढे गेलेले नसते, असेच म्हणावे लागेल.

दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूमुळे झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. पण दारूवर शरीराने अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाला होता, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक होता. हे आकडे शहरे, खेडी, केंद्रशासित प्रदेश असे सगळे मिळून आहेत. तालुक्याच्या गावाचे वेगळे आकडे काढले तर ते यापेक्षा बरे निघतील, असे मानायला मला काही आधार दिसत नाही.

सरकार जिथे पोहोचत नाही तिथे बाजार पोहोचतो. एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागे, मोबाइलवर ‘पिणाऱ्याला न कळवता दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात आणि त्यांचा ग्राहक म्हणजे कंटाळलेली, कर्जात बुडालेली बायको किंवा आई असते. या पुड्यांत काय असते हे सांगणे अवघड. काही भुकटी निरुपयोगी असते, तर काहींत डायसल्फिरामसारखे खरे औषध मिसळलेले असू शकते. डायसल्फिराम हे रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि देखरेखीखाली द्यायचे औषध आहे. ते वरणात कालवून खाऊ घातलेल्या माणसाने नेहमीप्रमाणे संध्याकाळी दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय कमकुवत असेल तर जीवही जाऊ शकतो. दुसरा बाजार खासगी ‘केंद्रां’चा. त्यांत चांगली माणसे चालवतात अशी केंद्रे आहेत; पण एका हॉलमध्ये दाटीवाटीने ठेवलेली माणसे, बाहेरून कडी, डॉक्टर महिन्यातून एकदा आणि ‘वळण लावण्या’साठी मारझोड, अशीही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत आणल्या. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते आणि रुग्णाला हक्कही मिळतात. पण तालुक्याच्या गावात हा कायदा पाहायला येतो कोण? आणि घरच्यांना दुसरा पर्यायच नसेल, तर त्यांनी कडी कुणाकडे वाजवायची?

उपचार म्हणजे केवळ ती पहिली धोक्याची आठवडाभराची औषधे, असेही नाही. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते, आणि लहान गावात ती शहरापेक्षा कठीण असते. शहरात दारू सोडलेला माणूस जुनी सोबत टाळू शकतो. तालुक्याच्या गावात तीच पानटपरी, तोच चौक, तोच मुकादम, तोच चुलतभाऊ आणि भट्टीवरून जाणारी तीच वाट. पिणे गावभर माहीत असते, त्याची कुणाला लाज नसते. लाज असते ती उपचाराला जाण्याची. ‘दारू पितो’ हे मुलीच्या लग्नाच्या बोलणीत चालून जाते, पण ‘व्यसनमुक्ती केंद्रात होता’ हे चालत नाही. म्हणून माझा आग्रह असा की ग्रामीण रुग्णालयात ‘व्यसनमुक्ती कक्ष’ अशी मोठी पाटी लावून वेगळी खोली काढू नये. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी जी बाह्यरुग्ण ओळ असते, त्याच ओळीत हा रुग्ण उभा राहावा, त्याच खिडकीवर त्याला औषध मिळावे आणि त्याच्या केसपेपरवर इतरांसारखीच नोंद असावी. पिणाऱ्या बायकांसाठी तर याखेरीज दुसरा मार्गच नाही. त्यांचे प्रमाण कमी असले तरी त्या आहेत, आणि केंद्राची पायरी त्या चढूच शकत नाहीत.

पुढच्या सांभाळाचे एक जुने, घरचे उदाहरण आपल्याकडे आहे. वारकऱ्यांकडे ‘माळ घातली’ की दारू सुटते, हे अनेक घरांनी अनुभवले आहे. याला केवळ श्रद्धेचा चमत्कार म्हणून हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही आणि दैवी कृपा म्हणून सोडून देण्यातही नाही. माळ घातलेल्या माणसाला दर एकादशीला, दर सप्ताहाला, दर वारीला विचारणारी माणसे मिळतात, संध्याकाळचा मोकळा वेळ भजनात जातो, आणि पुन्हा प्यायला तर चारचौघांत जाब द्यावा लागतो, पण त्याला टाकून दिले जात नाही. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने निवासी उपचारांनंतर पाठपुराव्याच्या बैठका आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट उभे केले, त्यामागेही हेच शहाणपण आहे: सोडलेल्या माणसाला वर्षानुवर्षे कुणीतरी विचारत राहायला हवे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे नाव न सांगता एकमेकांना आधार देणाऱ्या मद्यपींच्या गटाच्या सभा हेच काम करतात, फक्त तालुक्याच्या गावात ‘अनामिक’ राहणे ही कल्पनाच टिकत नाही. माळेची अडचण एवढीच की पहिल्या तीन-चार दिवसांत शरीर जे मागते त्याला माळेत उत्तर नाही. ज्यांचे शरीर पूर्ण अवलंबून झालेले नाही, त्यांना माळ पुरते. बाकीच्यांना अगोदर थायमिन हवे आणि मग माळ.

आता गोळ्या आणि पावडर यांच्याविषयी. पाच-सात वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावात व्यसन म्हटले की दारू, खर्रा आणि फार तर गांजा एवढेच डोळ्यांसमोर यायचे. आज झोपेच्या गोळ्यांची ‘बटन’ आणि मालेगावकडची ‘कुत्ता गोळी’, खोकल्याचे कोडीनयुक्त औषध, आणि काही ठिकाणी व्यायामशाळांत पोहोचलेली मेफेंटरमिनची इंजेक्शने असा नवा बाजार आहे. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, तर आता महानगरांपुरते राहिलेले नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापर्यंत पोलिस पोहोचले, आणि २०२५ च्या सुरुवातीला तुळजापूरसारख्या तीर्थक्षेत्राच्या गावातले एमडीचे जाळे उघडकीस आले. एमडी बनवणारे आणि विकणारे यांच्यावरच्या कारवाईबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण त्याच कारवाईच्या भीतीने पुडी ओढणाऱ्या मुलाचे आई-बाप तोंड शिवून बसतात, कारण लहान गावात गुन्ह्यात नाव आले की पोलिस भरती, शिक्षण, लग्न सगळेच संपले, असे त्यांना वाटते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला आणि त्याने उपचार पूर्ण केले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. कलम ३९ नुसार न्यायालय त्याला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकते. कायद्याने दार ठेवले आहे, पण त्या दाराच्या पलीकडे तालुक्यात खोलीच बांधलेली नाही. उपचार उपलब्ध नसतील तर ‘उपचाराला गेला तर’ या अटीचा उपयोग काय?

दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्यांशी माझे भांडण नाही, आणि विदर्भात राहणाऱ्या कुणाचे असूही नये. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघालेल्या ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या बायकांनी आपल्या घरातल्या माराचे, विकलेल्या भांड्यांचे आणि शाळेतून काढलेल्या मुलांचे दुःख रस्त्यावर आणले, तेव्हा कुठे चंद्रपूरच्या दारूबंदीचा प्रश्न सरकारला टाळता येईना. दुकान बंद झाले की रोजच्या वाटेवरचा मोह कमी होतो, नव्याने पिणारा पोरगा जरा लांब राहतो, आणि रस्त्यावरचा धिंगाणा कमी होतो, हे बायका सांगतात आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण सहा वर्षांच्या बंदीत चंद्रपूरच्या पिणाऱ्यांचे काय झाले? ज्यांना परवडले ते वर्धा नदी ओलांडून वणीच्या बाजूला आले, ज्यांना परवडले नाही ते मोहाच्या गावठी दारूकडे आणि चोरून आलेल्या महागड्या बाटलीकडे वळले, आणि ज्याचे शरीर अवलंबून होते त्याच्या घरातला दारूचा खर्च कमी होण्याऐवजी वाढला. बंदीने दुकान हलवले. थरथरणाऱ्या हातांसाठी मात्र बंदीच्या आदेशात काही नव्हते.

बायका बंदीच मागतात, कारण कायद्याने त्यांच्या हातात तेवढेच एक हत्यार दिले आहे, आणि तेही बोथट. २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील महिला आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करण्यासाठी, मतदान मागू शकतात, पण दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतांपैकी निम्मी मते पुरत नाहीत. नोंदलेल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. ऊसतोडीला गेलेली, माहेरी बाळंतपणाला गेलेली, मरण पावलेली पण यादीतून न काढलेली, अशा सगळ्या बायका आपोआप दुकानाच्या बाजूने मोजल्या जातात. एवढे करून दुकान बंद झाले तरी शेजारच्या ढाब्यावर बाटली मिळतेच. दुकान उघडण्यासाठी अशी कोणतीही मतमोजणी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या डिसेंबरात महामार्गालगतच्या ५०० मीटरमधली दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर पुढे २२० मीटरवर आले, आणि नंतर शहरांच्या हद्दीतल्या दुकानांना सवलत मिळाली. दुकान वाचवण्यासाठी यंत्रणेची बुद्धी किती तरतरीत असते, याचा हा नमुना आहे. १९४९ च्या आपल्याच दारूबंदी कायद्यात ‘आरोग्य परवाना’ नावाची तरतूद आहे. म्हणजे आरोग्याच्या नावाने दारू पिण्याची सोय कायद्यात पहिल्यापासून आहे, आरोग्याच्या नावाने ती सोडण्याची मात्र नाही.

गडचिरोलीचा दाखला नेहमी बंदीच्या बाजूने दिला जातो. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे आणि डॉ. अभय व राणी बंग यांनी त्यासाठी दिलेला लढा सर्वांना परिचित आहे. माझ्या मते तिथली अधिक शिकण्यासारखी गोष्ट २०१६ नंतरची आहे. बंग दांपत्याची ‘सर्च’ ही संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाने गावसंघटना आणि बेकायदा विक्रीविरुद्धच्या कारवाईबरोबरच तालुक्या-तालुक्यात व्यसन उपचार क्लिनिक सुरू केले आणि गावांत शिबिरे घेतली. राज्यातल्या सर्वांत दुर्गम, जंगलाने व्यापलेल्या जिल्ह्यात, जिथे पावसाळ्यात अनेक गावे तुटतात, तिथे तालुक्याला उपचार पोहोचू शकतात, तर डांबरी रस्त्यावरच्या वणीला, वरोऱ्याला, पुसदला का पोहोचू शकत नाहीत? बंदीवाल्यांनी गडचिरोलीची बंदी उचलली, बंदीविरोधकांनी तिथली चोरटी दारू उचलली, आणि क्लिनिक मात्र दोघांनीही तिथेच ठेवले.

‘दारूड्यांवर सरकारने पैसा का उधळावा?’ हा प्रश्न मी चहाच्या टपरीपासून सुशिक्षितांच्या बैठकीपर्यंत ऐकला आहे. गरोदर बाई खाटेसाठी थांबली असताना स्वतःच्या हाताने शरीर नासवून घेतलेल्याला खाट का द्यावी, असा त्याचा सभ्य अवतार असतो. याचे पहिले उत्तर रोकडे आहे. दारूला जीएसटी लागत नाही. तिच्यावरचे उत्पादन शुल्क आणि मूल्यवर्धित कर थेट राज्याच्या तिजोरीत येतात. २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचे शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची वाढीव भर पडेल असे सांगितले गेले. तालुक्याच्या रुग्णालयात दोन समुपदेशक, एक जादा परिचारिका, आठवड्यातून एक दिवस येणारा मानसोपचारतज्ज्ञ, औषधे आणि गावभेटींचे वाहन, असा माझा ढोबळ हिशेब वर्षाला २५ लाख रुपयांचा होतो. राज्यातल्या ३५८ तालुक्यांचा मिळून तो ९० कोटींच्या आत बसतो. ही रक्कम त्या वाढीव भरीच्या एक टक्क्यालाही पोहोचत नाही. ज्या माणसाच्या रोजच्या पव्व्यातून तिजोरी भरते, त्याच्या पैशातून त्याच्यासाठी एक खाट ठेवणे याला उधळपट्टी म्हणायचे असेल, तर मग वसुलीला काय म्हणायचे ते ठरवावे लागेल.

दुसरे उत्तर थोडे लांबचे आहे, पण त्याचा पत्ता वणीपासून फार लांब नाही. नदी ओलांडली की वरोरा, आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांनी उभारलेले आनंदवन. १९४९ च्या सुमारास, म्हणजे दारूबंदी कायदा झाला त्याच काळात, याच मुलखात कुष्ठरोग हे मागच्या जन्मीचे पाप समजले जात होते, रोग्याला गावाबाहेर काढले जात होते, आणि त्याच्यावर खर्च करणे म्हणजे व्यर्थ दया, असे शहाणी माणसे म्हणत होती. आनंदवनाने त्याला माणूसपण दिले. पण रोग हटला तो बहुविध औषधोपचार आल्यावर, १९८३ पासून ते राष्ट्रीय कार्यक्रमात घेतल्यावर, आणि कुष्ठरोग्याला वेगळ्या वसाहतीत न पाठवता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नेहमीच्या ओळीत औषध देऊ लागल्यावर. २००५ च्या अखेरीस कुष्ठरोग हा देशपातळीवर सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नसल्याचे जाहीर झाले, त्यामागे गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्याची पायपीट होती. क्षयरोगाचेही तेच: रोग्याने औषध मध्येच सोडले तर त्याला नालायक ठरवून यादीतून काढत नाहीत, आशाताई पुन्हा घरी जाते. पुन्हा प्यायलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र ‘एकदा केले, उपयोग झाला नाही’ हे शेवटचे वाक्य समजले जाते. व्यसनात पुन्हा घसरणे ही आजाराची रीत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी टिकलेल्या माणसांनी पूर्वी घसरलेल्या वेळा मोजल्या असत्या, तर ती टिकलीच नसती. फरक एवढाच की कुष्ठरोगाच्या जंतूला कुणी परवाना देत नाही आणि त्यावर कर घेत नाही, त्यामुळे इथे सरकारची जबाबदारी उलट अधिक होते.

या मागणीपुढची खरी अडचण पैशाची नसून माणसांची आहे, हे मान्य करायला हवे. ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्याच्या जागा रिकाम्या राहतात, प्रशिक्षण घेतलेल्याची बदली होते, आणि मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला राहायला येणार नाही, हे उघड आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर आहे, त्याचे पथक तालुक्याला येऊन जातेही, पण महिन्याकाठी एकदा येणाऱ्या पथकाची वाट थरथरणारा माणूस पाहू शकत नाही. मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ या दूरध्वनी सेवा सल्ल्यासाठी उपयोगी आहेत, पण दूरध्वनीवरून थायमिन टोचता येत नाही. म्हणून प्रशिक्षण एका डॉक्टरला न देता रुग्णालयातल्या सगळ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना द्यावे, म्हणजे बदलीने ते गावातून निघून जाणार नाही. औषधांचा ठरावीक क्रम आणि केव्हा पुढे पाठवायचे याचे निकष छापून वॉर्डात लावावेत, आणि तज्ज्ञ दूरध्वनीवर डॉक्टरांना उपलब्ध असावा. समुपदेशकाच्या दोन जागांपैकी एक, शिक्षणाची अट शिथिल करून, त्याच तालुक्यातल्या, काही वर्षे दारूपासून दूर राहिलेल्या माणसाला द्यावी. भट्टीवर कोण कधी बसतो, कुणाच्या घरी आज चूल पेटलेली नाही, कोण परवा पुन्हा घसरला, हे बाहेरून आलेल्या पदवीधराला वर्षभरात कळणार नाही, ते त्याला पहिल्या दिवशी ठाऊक असते. त्याला मानधन मात्र वेळेवर मिळावे. आशाताईंना जसे थकीत रकमेसाठी मोर्चे काढावे लागतात तशी वेळ त्याच्यावर आली, तर पहिला घसरणारा तोच असेल.

नगरपरिषदा, पंचायत समित्या आणि रुग्ण कल्याण समित्यांनी हा विषय ठरावात आणायला कुणाची परवानगी लागत नाही. उभ्या-आडव्या बाटलीच्या मतदानासाठी सह्या गोळा करणाऱ्या बायकांनी त्याच अर्जांबरोबर दुसरा एक अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावा: आमच्या रुग्णालयात दारू तुटलेल्या माणसासाठी चार खाटा, क्लोरडायझेपॉक्साइड आणि थायमिनचा साठा आणि प्रशिक्षित परिचारिका आहे का, नसल्यास केव्हापर्यंत असेल, याचे लेखी उत्तर द्यावे. दुकानाच्या अर्जावर सह्यांची पडताळणी होईल, मतदार यादीतली नावे जुळवली जातील, तारखा पडतील. या दुसऱ्या अर्जावर कुणाच्याही बहुमताची गरज नाही.